घड्याळजीच्या बायकोची शेवटची सोळा पानं

मी वाचनालयात नोकरी केली असं सांगितलं की लोकांना वाटतं, गडी दिवसभर पंख्याखाली बसून पुस्तकं वाचत असणार. मी बसलो कमी आणि सायकल मारली जास्त. वाशीच्या आमच्या वाचनालयाची घरपोच योजना होती. योजना म्हणजे मी, एक सायकल आणि हँडलच्या दोन बाजूंना लटकणाऱ्या कॅनव्हासच्या दोन पिशव्या. उजवीत द्यायची पुस्तकं, डावीत परत आलेली. सकाळी उजवी जड असायची आणि संध्याकाळी डावी, त्यामुळे सायकल जाताना एका अंगाला कलायची आणि येताना दुसऱ्या.

ही गोष्ट ऐंशी सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली. खाडीवर पूल झाला होता, रेल्वे अजून यायची होती. इमारती नव्या आणि गळती मात्र जुनी असावी तशी मुरलेली. सकाळच्या बसने पुरुषमंडळी मुंबईला गेली की सेक्टरमध्ये उरायच्या त्या बायका, म्हातारी माणसं आणि आम्ही फिरते लोक. म्हणजे भांडीवाली, मासळीवाली, कल्हईवाला आणि पुस्तकवाला. मला बायका 'सावंतभाऊ' म्हणत, पण जिन्यातून खाली हाक जायची ती 'पुस्तकवाले आले गं' अशीच.

आमच्या धंद्यातलं खरं कसब वाचण्यात नाही, सांगण्यात आहे. दारात उभं राहून अख्खी कादंबरी चार वाक्यांत सांगायची, तीही अशी की आतून सासूबाईंनी ऐकली तरी आक्षेप नको आणि बाहेर सुनेला मात्र आत्ताच्या आत्ता वाचावीशी वाटावी. सगळ्या पुस्तकांना मी खाकी कव्हर घालायचो. त्यामुळे पुस्तक टिकतं हे खरं, पण त्याहून मोठा फायदा म्हणजे वरचं चित्र दिसत नाही. एक सासूबाई होत्या, त्यांना वाचता येत नव्हतं, पण पुस्तक हातात घेऊन वजन करायच्या. जाड निघालं की परत माझ्या हातात. "बारकं द्या. जाड्या पुस्तकांनी सुना बिघडतात." त्यांची सून मग एकाच कादंबरीचे पातळ पातळ तीन खंड ओळीने मागून घ्यायची. एक निवृत्त गृहस्थ रहस्यकथा नेत आणि पहिल्या पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून परत करत. "पुढच्या माणसाचा वेळ वाचावा म्हणून," असं म्हणणं होतं त्यांचं. मला आमच्या खोडरबराचा तेवढा खप दुसऱ्या कुणामुळे झालेला आठवत नाही.

शैलावहिनींनी मात्र पहिल्याच दिवशी मला वेगळा प्रश्न विचारला. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या असतील. माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडचं, नवरा मुंबईत एका कचेरीत कारकून, घरात सासूबाई. लग्नाला सात-आठ वर्षं झालेली आणि मूल नव्हतं. मी एक कादंबरी पुढे केली, एका जमीनदाराच्या घरातली विधवा बहीण चोरून लिहायला शिकते, अशी. त्यांनी माझं बोलणं अर्ध्यावर तोडलं.

"भाऊ, तेवढं सांगा. मरते का?"

"कोण?"

"ती बाई. शेवटी मरते का?"

मी म्हटलं, मरत नाही, काशीला जाते.

"म्हणजे तेच की," त्या म्हणाल्या, आणि तरीही पुस्तक घेतलं.

तेव्हापासून मला एक खोड लागली. नवी कादंबरी आली की आधी शेवट उघडायचा. आमच्या वाचनालयात जुनी, नावाजलेली, देशोदेशींची भाषांतरं पुष्कळ होती. कुणा उदार गृहस्थांनी आपला सगळा संग्रह दिला होता. त्यात चूल सोडून शिकायला निघालेल्या बायका होत्या, नवऱ्याला दारातच थांबवणाऱ्या होत्या, ठरलेल्या लग्नातून उठून जाणाऱ्या होत्या. दोनशे पानं वाचताना छाती फुगावी अशा एकेक. पण शेवटाकडे आलं की लेखकाचा धीर सुटायचा. बंगाली असेल तर काशी, रशियन असेल तर क्षय, फ्रेंच असेल तर विष, इंग्रजी असेल तर वेड आणि आपल्याकडची असेल तर विहीर. बाईने उंबरठा ओलांडला की तिचं पुढे काय करायचं, हे त्या थोर माणसांना कुणी शिकवलंच नव्हतं की काय कोण जाणे! दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी शैलावहिनींच्या दारात उभा राहायचो, त्या विचारायच्या, "मरते का?" आणि मी मान हलवायचो. मला स्वतःचीच लाज वाटू लागली होती, जणू काही त्या बायकांना मीच मारत होतो.

पुस्तक त्या एकट्या वाचत नसत. दुपारी लाईट जायचे, तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात वारा यायचा. तिथे सतरंजी पडायची. शैलावहिनी मोठ्याने वाचायच्या आणि शेजारणी तांदूळ निवडत ऐकायच्या. समोरच्या मंदाताई कांबळे, मूळच्या चिपळूणकडच्या, कामगारांच्या दवाखान्यात आया होत्या. सकाळची पाळी करून आल्या की पाय लांब करून भिंतीला टेकायच्या. आणि दोन पायऱ्या खाली, पाटी बाजूला ठेवून बसायची चांगुणाबाय. सारसोळ्याची कोळीण, नवरा मागेच वारलेला, पोरी लग्न होऊन गेलेल्या. निवटी, चिंबोऱ्या, कोलंबी विकून झाली की पाटीवर ओला फडका टाकून ती घटकाभर ऐकत बसे. वासामुळे वर बसत नसे, पण मत मात्र पार वरपर्यंत पोचायचं.

"येवरी शिकलेली बाय आन् पान्यान उरी घेतं?" एका नायिकेच्या मरणावर ती म्हणाली होती. "तिचे गावान बाजार नव्हता काय?"

सगळ्या हसल्या. शैलावहिनी हसल्या नाहीत, पानाकडे बघत राहिल्या.

एका शुक्रवारी मी गेलो तर शैलावहिनींनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. सासूबाई आत झोपल्या होत्या. वहिनी दार ओढून बाहेर आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, चांगलं जाड पुस्तक द्या. पुढच्या रविवारपर्यंत पुरेल असं. मग मला गावाला पाठवणार आहेत."

"किती दिवस?"

"कायमची."

मग त्यांनी सांगितलं. साताऱ्याला दिराचं घर होतं, म्हशी होत्या, मळा होता, राबायला माणूस हवं होतं. सासूबाईंनी मुलासाठी दुसरी मुलगी बघून ठेवली होती. शैलावहिनींना गावी नेऊन सोडायचं, मग इकडे गुपचूप लग्न उरकायचं, असा बेत. त्यांनी तो स्वयंपाकघरातून स्वतःच्या कानांनी ऐकला होता. वडील नव्हते. भावाला कळवलं तर त्याने उत्तर दिलं होतं, ठेवतील तसं राहा, इथे जागा नाही.

"आणि तुमचे मिस्टर?"

"त्यांना वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण ते आई म्हणेल तसं."

माझ्या हातात काय होतं? दोन पिशव्या. मी उजव्या पिशवीतलं सगळ्यात जाड पुस्तक काढून दिलं. कुठल्याशा थंड देशातली कादंबरी, शंभर वर्षांपूर्वीची. हेलेना नावाची घड्याळजीची बायको. नवऱ्याच्या हाताखाली ती घड्याळं दुरुस्त करायला शिकते, त्याच्याहून चांगली करते, म्हणून तो तिला दुकानात पाय ठेवायला बंदी घालतो. एके दिवशी ती घर सोडते. शेवट मला माहीत होता. बर्फ पडत असताना ती नदीच्या पुलावरून उडी टाकते. पण त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

इथे आमच्या बाइंडरची ओळख करून दिली पाहिजे. दत्ताराम, लालबागच्या एका छापखान्यात जन्म घालवून तुर्भ्याला राहायला आलेला. फाटकी पुस्तकं मी त्याच्याकडे टाकायचो. हेलेनाचं पुस्तकही नुकतंच त्याच्याकडून बांधून आलं होतं. पुस्तक छापताना सोळा सोळा पानांचा एकेक गठ्ठा असतो, त्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक रचून शिवले की पुस्तक. जुनं पुस्तक बांधायचं तर आधी ते उसवायचं, फर्मे सुटे करायचे, जुनी खळ खरवडायची आणि पानांचे आकडे बघून पुन्हा लावायचे. दत्ताराम दहा-बारा पुस्तकं एकदमच उसवायचा, कारण खळ एकदाच शिजवावी लागे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मजकूर त्याला दिसत नसे, पानाचा आकडा तेवढा भिंगातून बघे. आता एकाच प्रकाशकाची, एकाच आकाराची, एकाच टायपातली दोन पुस्तकं एकाच दिवशी उसवली, तर काय होणार ते तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या मात्र तेव्हा आलं नव्हतं.

मंगळवारी मी जिना चढायला लागलो तर वरून हसण्याचा असा काही गलका, की मला वाटलं कुणाचं डोहाळजेवणच आहे. शैलावहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. इतक्या महिन्यांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

"सावंतभाऊ," मंदाताई म्हणाल्या, "ही तुमची हेलेना नागपूरला कशी पोचली हो?"

मी पुस्तक हातात घेतलं. दोनशे चाळिसाव्या पानावर हेलेना पुलाच्या कठड्याला हात लावून उभी, बर्फ पडतंय, खाली काळं पाणी. दोनशे एकेचाळिसाव्या पानावर बेबीमावशी विचारते, साबुदाणा भिजला का गं? पुढची सगळी सोळा पानं नागपुरातल्या एका सुखी कुटुंबाची. खिचडी, पत्ते, रुसलेला जावई, आणि शेवटी सगळे मिळून गच्चीवर झोपतात.

"चांगला झाला," चांगुणा पायरीवरून म्हणाली. तिला फक्त ऐकू येत होतं, तेव्हा तिच्या लेखी कथा सरळच चालली होती. "खिचरी तरी खाल्लीन बायनं. पुलावर उभी व्हती, भुकेजलीच असंल."

पुन्हा हशा. मी ओशाळलो, बाइंडरची चूक समजावून सांगितली आणि म्हटलं, खरा फर्मा शोधून आणतो.

"मरते का?" शैलावहिनींनी विचारलं.

मी पिशवीचा पट्टा आवळायला लागलो. आमच्या धंद्यात हेही एक उत्तरच असतं.

"मग आणू नका," मंदाताई म्हणाल्या. "आपणच ठरवू या. पुलावर उभी आहे ना? मी सांगते, ती दवाखान्यात लागेल. हात हलका आहे, घड्याळ दुरुस्त करणारी बाई इंजेक्शन पण बरोबर देईल."

तिसऱ्या मजल्यावरच्या एका वहिनींचं म्हणणं पडलं की तूर्त नवऱ्याकडे परत जावं, दिवस पालटतात. त्यावरून वादावादी झाली. मंदाताई म्हणाल्या, "आमी नाय बघितले कुणाचे दिवस असे बसून पालटलेले." चांगुणा सगळं ऐकून घेत होती. शेवटी तिने पाटी उचलून डोक्यावर घेतली, आणि जाता जाता निकाल दिला.

"नवऱ्याचे घरा जावाचा नाय, माहेरचे घेत नाय, मंग पुलावर उभी राहून काय करतं? माजे घरा ये म्हनावं. सारसोल्याला. दोन खोल्या हायत, यक रिकामीच परलीय."

"आणि ती कायमचीच राहते म्हणाली तर?" शैलावहिनींनी विचारलं. आता त्या हसत नव्हत्या.

"ऱ्हाऊ दे. गावान पोरी हायत, त्यांना शिकवंल कायतरी. घड्याल तर घड्याल." आणि ती जिना उतरून गेली.

मी हे सगळं ऐकलं आणि त्यातलं मला काहीएक कळलं नाही. माझं डोकं त्या चुकलेल्या फर्म्यात अडकलं होतं. ग्राहकाकडे अर्धवट पुस्तक गेलं याचीच मला टोचणी. तसाच तुर्भ्याला गेलो, नागपूरच्या कुटुंबाची कादंबरी शोधून काढली. तिच्या शेवटी अर्थातच हेलेना होती. गच्चीवर झोपायच्या ऐवजी ती सगळी मंडळी बर्फात नदीकाठी पोचली होती. मी तो फर्मा उसवून घेतला, आणि शुक्रवारी शैलावहिनींच्या दारात जाऊन तो त्यांच्या हातात दिला. आत सासूबाई ट्रंकेत पातळं भरत होत्या.

"ही घ्या वहिनी, खरी शेवटची सोळा पानं," मी म्हणालो. किती अभिमानाने म्हणालो!

त्यांनी पानं घेतली, घडी केली आणि दार लावून घेतलं.

शनिवारी सकाळी मी वाचनालय उघडत होतो तेव्हा त्यांचे मिस्टर समोर येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. "शैला इथे आली होती का?" त्यांनी विचारलं. काल दुपारी ती भाजी आणते म्हणून गेली ती परत आलीच नव्हती. रात्रभर शोधलं, ओळखीच्या घरांत बघितलं, पत्ता नाही. "काही बोलली होती का हो तुमच्यापाशी? ती तुमच्याशी बोलायची."

काल दुपारी म्हणजे ती सोळा पानं हातात पडल्यानंतर. मी त्यांना काय सांगू, की मी तुमच्या बायकोला, उद्या जिला घराबाहेर काढणार आहात तिला, नदीत उडी कशी टाकायची ते घरपोच देऊन आलो?

त्यांना बाकावर बसवलं आणि सायकल काढली. आधी खाडीच्या पुलावर गेलो. खाली पाणी करडं, भरती लागलेली. होडीवाल्यांना विचारलं, कुणी बाई बघितली का? त्यांनी माझ्याकडेच संशयाने बघितलं. मी देवाधर्माच्या फारसा नादी लागणारा माणूस नाही, पण त्या पुलावर मी नवस बोललो, आणि कुठल्या देवाला बोललो तेही धड आठवत नाही.

मग सुचलं म्हणून मंदाताईंकडे गेलो. त्या पाळीवरून येऊन दारात पाय धूत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पदराला हात पुसले, जिन्यातून वर-खाली बघितलं आणि म्हणाल्या, "मला काय माहीत बाबा? पण एक आहे. चांगुणा आज मासळी घेऊन आली नाही. ती कधी खाडा करत नाही."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

सारसोळ्याला तेव्हा धड रस्ता नव्हता. सानपाडा मागे टाकलं की मिठागरांच्या बांधावरून जायचं, मग नेरूळच्या बाजूला झुडपं, चिखल, आणि खाडीच्या काठाला गाव. पिशव्या रिकाम्या होत्या तरी सायकल इतकी जड मला कधी लागली नव्हती. चांगुणाचं घर विचारत गेलो. अंगणात दोरीवर जाळं, सुपात सुका जवळा, आणि दारात हातात कोयता घेऊन चांगुणा.

"कोन? पुस्तकवाले?" तिने कोयता खाली केला. "मना वाटला सातारकर आले."

तिच्या मागून शैलावहिनी बाहेर आल्या. हात कोपरापर्यंत ओले, बोटांना कोलंबीच्या साली चिकटलेल्या. जिवंत. धडधाकट. मी सायकल सोडून दिली, ती तिथेच आडवी झाली. आणि इतका वेळ काय काय बोलायचं ठरवलं होतं, ते सोडून तोंडातून निघालं, "ती सोळा पानं कुठे आहेत?"

शैलावहिनी गोंधळल्या. उत्तर चांगुणाने दिलं. "तो कागद? त्यान जवला बांधून दिला सकाली. नेरूलचे गिऱ्हाइकाला."

मी अंगणातच बसकण मारली. हसू येत होतं की रडू, ते मला आजही सांगता येणार नाही. हेलेना, बर्फ, नदी, काळं पाणी, सगळं कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जवळ्याच्या पुडीला लागून गेलं होतं. चांगुणाने तांब्याभर पाणी आणून दिलं. म्हणाली, "पुस्तकाची येवरी कालजी करतंय!" मला खरं कारण सांगवलं नाही. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं, माझी नोकरी कायम झाली त्या दिवशीसुद्धा नाही.

"त्यांना सांगा, मी आहे," शैलावहिनी म्हणाल्या. "कुठे आहे ते उद्या मीच येऊन सांगेन."

परत येऊन मी त्यांच्या मिस्टरांना तेवढंच सांगितलं. ते बाकावरून उठलेच नव्हते. त्यांनी दोन्ही हातांत तोंड घातलं. मी त्या माणसावर रागावून होतो, पण त्या वेळी राग काही टिकला नाही. भ्याला होता बिचारा, आणि आता सुटला होता.

रविवारचं मी पाहिलं नाही, मंदाताईंनी सांगितलं ते सांगतो. टॅक्सी खाली उभी होती. ट्रंक दारात. शैलावहिनी आल्या, एका बाजूला मंदाताई, दुसऱ्या बाजूला चांगुणा. उंबरठ्याच्या बाहेरच उभ्या राहून म्हणाल्या, साताऱ्याला राबायला मी जाणार नाही. दुसरं लग्न करायचं असेल तर चोरून नाही, आधी कोर्टातून मला मोकळं करा, मी अडवणार नाही. सासूबाई म्हणाल्या, लोक काय म्हणतील? त्यावर चांगुणा म्हणाली, "लोकांना मी इचारतंय. मी फिरतंच ना दारोदार." मिस्टर आतून फक्त एवढंच म्हणाले, "आई, जाऊ दे तिला." मंदाताईंच्या मते तो माणूस आईसमोर तोंड उघडून बोलला तो तेवढाच.

पुढे रीतसर मोकळीक झाली. मिस्टरांनी दुसरं लग्न केलं, सुखाने नांदले असं ऐकलं. सारसोळ्यात सुरुवातीला कुजबुज झालीच, शहरातली टाकलेली बाई गावात कशाला म्हणून. चांगुणाचा कोयता आणि जीभ दोन्ही धारदार, म्हणून ती कुजबुज लवकर निवाली. शैलावहिनी अकरावी झालेल्या होत्या, लग्नाआधी वर्षभर बालवाडीत शिकवलेलं होतं. त्यांनी ओटीवर पोरं जमवली. मग नेरूळ वसायला लागलं, इमारती आल्या, शाळा आल्या. राहिलेलं शिक्षण पुरं करून त्या तिथल्या एका शाळेत बाई झाल्या. राहायला मात्र सारसोळ्यालाच, चांगुणाच्या घरी, तिच्या शेवटापर्यंत.

मला ही एकच गोष्ट पुरती माहीत आहे, याची खंत आहे. तीच पुस्तकं मी कितीतरी दारांत दिली. एखाद्या मंगळवारी दाराला कुलूप दिसे, बदली झाली म्हणत, माहेरी गेली म्हणत. मी पुस्तक बुडीत धरून पुढच्या दारी जायचो. त्या बायकांचं काय झालं, हे विचारायची माझ्या धंद्यात रीत नव्हती.

हेलेनाचं पुस्तक मी दुरुस्त करूच शकलो नाही, फर्माच उरला नव्हता. तसंच कपाटात ठेवलं. पुष्कळ बायकांनी नेलं, आणि शेवट जुळत नाही म्हणून एकीनेही तक्रार केली नाही. तक्रार एकानेच केली, ते खुन्याची नावं लिहिणारे गृहस्थ.

दशक संपता संपता एकदा शैलाबाई शाळेच्या मुलींना घेऊन वाचनालय दाखवायला आल्या. मुली कपाटांशी गलका करत होत्या. मी त्यांना चहा दिला आणि मनात इतकी वर्षं राहिलेलं बोलून टाकलं. म्हटलं, "त्या दिवशी मी मरायचाच बाकी होतो. बरं झालं, तुम्ही ती पानं न वाचताच चांगुणाला दिलीत."

त्यांनी कप खाली ठेवला. "वाचली होती की," त्या म्हणाल्या. "तुम्ही दिलीत तशी, मोरीत जाऊन, कडी लावून. तोवर माझं काही ठरलं नव्हतं, भाऊ. चांगुणा बोलली होती, पण ते गोष्टीतल्या बाईला. मी साताऱ्याला जाणारच होते. वाचून झालं, आणि मला एवढा राग आला. तिचा नाही, लिहिणाऱ्याचा. म्हटलं, बाईला इतक्या लांब चालवत आणलंस, आणि तुला पुढे काही सुचेना म्हणून तिने जीव द्यायचा?"

एक मुलगी पुस्तक घेऊन त्यांच्याकडे धावत आली. त्यांनी ते हातात घेतलं, उघडून बघितलं आणि तिला परत दिलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. कडी काढली, भाजीची पिशवी घेतली, आणि सारसोळ्याचा रस्ता विचारत निघाले."